मे महिन्यातला पाऊस

जपानी हायकूच्या मराठी अनुवादात ‘मे महिन्यातला पाऊस’ दिसला की मी अडखळतो. मे महिन्यातला पाऊस म्हणजे आपल्याकडे वळीव. दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, चार गारा पडतात आणि तासाभरात सगळं आटोपतं. मोगामी नदीवरच्या बाशोच्या प्रसिद्ध हायकूत हा पाऊस नाही. तिथला ‘सामिदारे’ म्हणजे जुन्या जपानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाऊस; झड लावणारा, नद्या फुगवणारा. १६८९ साली बाशो मोगामीकाठी पोचला तेव्हा आजच्या हिशेबाने जुलैचा मध्य होता. (त्या वर्षी अधिक महिनाही येऊन गेला होता.) पाचव्या महिन्याचा इंग्रजीत कुणीतरी ‘मे’ केला, आणि तो तसाच आपल्याकडे आला. पण वळवाच्या एका सरीने मोगामी कशी चढणार? कवितेतल्या पाण्याला कारणच उरत नाही.

हा घोळ खुद्द जपानी वाचकालाही चुकलेला नाही. मेइजी सरकारने १८७२ च्या अखेरीस चीनकडून आलेल्या पद्धतीचं चांद्र-सौर पंचांग सोडलं. बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवसानंतर थेट १ जानेवारी १८७३ उजाडला. पुढच्या वर्षी अधिक महिना होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते. तिजोरीची ही अडचणही त्या घाईमागे होती. पगार वाचले, हायकूचे ऋतुशब्द मात्र उघड्यावर पडले. पूर्वी नववर्ष म्हणजे वसंताची सुरुवात. आता ते ऐन थंडीत आलं, म्हणून ऋतुशब्दांच्या कोशांत चार ऋतूंच्या जोडीला नववर्षाचा पाचवा विभाग करावा लागला. शुभेच्छापत्रांवर अजूनही ‘नवा वसंत’ असतो, बाहेर बर्फ असलं तरी.

तानाबाताचं नुकसान याहून खोल आहे. विणकरीण आणि गुराखी हे दोन तारे वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री भेटतात, ही कथा चीन आणि कोरियातही आहे. शुद्ध सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि मग आकाशगंगा उजळते. कथेला लागणारं आकाश तिथीतच होतं. ७ जुलैला चंद्र कुठलाही असू शकतो, आणि बहुतेक जपानात तेव्हा पावसाळी ढग असतात. कोशांत मात्र तानाबाता अजून शरदाचाच शब्द आहे. २००१ पासून जपानची राष्ट्रीय वेधशाळा ‘पारंपरिक तानाबाता’ची तारीख वेगळी जाहीर करते, ती साधारण ऑगस्टात येते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. आपलाही महिना अमावास्येनंतर सुरू होतो. त्यांचा सातवा महिना बहुतेक वर्षी आपला श्रावणच असतो. म्हणून थेट ‘श्रावण’ लिहावं का? मला ते पटत नाही. श्रावण आला की मागोमाग मंगळागौर येते, आषाढ आला की वारी. महिन्याला आकडाच बरा, थोडा परका वाटला तरी. तिथीचं तसं नाही. बाशोची एक हायकू तानाबाताच्या आदल्या रात्रीवर आहे. तिथे ‘६ जुलै’ लिहिलं तर हाती फक्त तारीख लागते. ‘षष्ठीची रात्र’ लिहिलं तर कोर दिसते, आणि उद्या ती किती भरेल हेही.