शिऊरच्या बहिणाबाई कोणत्या कपाटात?

वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. १७०० साली त्या गेल्या. संतपरंपरेला मंदिराच्या बांधकामाची उपमा देणारा त्यांचा अभंग कीर्तनाला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पाठ असतो. तो म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना मात्र तो कुणाचा हे सांगता येत नाही, आणि नुसतं 'बहिणाबाई' म्हटलं की आधी जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. खानदेशातल्या बहिणाबाईंचं मोठेपण निर्विवाद आहे. शिऊरच्या बहिणाबाई वाचकांपासून दुरावल्या त्याचं खापर एकट्या नामसाधर्म्यावर फोडता येत नाही. त्यांचं पुस्तक आपण ज्या कपाटात ठेवतो, ते कपाटही तितकंच जबाबदार आहे.

त्यांच्या अभंगांतला मोठा भाग आत्मनिवेदनाचा आहे. वेरूळजवळच्या देवगावातलं बालपण, अगदी कोवळ्या वयात वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी झालेलं लग्न, कुटुंबाची गावोगावची भटकंती, कोल्हापुरात ऐकलेली जयरामस्वामींची कीर्तनं, वासराचा लळा आणि ते गेल्यावर आलेली बेशुद्धी, मग स्वप्नात तुकोबांनी केलेला उपदेश, हे सगळं त्यात आहे. ब्राह्मणाच्या घरातल्या बाईनं तुकोबांना गुरू मानावं याचा नवऱ्याला आलेला संताप आणि त्यानं केलेली मारहाणही त्यांनी लपवलेली नाही. संसार सोडावा की नवऱ्याची सेवा करावी, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला आणि त्याची उत्तरं त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी दिली. शेवटी मुलाला जवळ बसवून आपल्या मागच्या जन्मांची हकिगत सांगितली. शिवाय अश्वघोषाच्या नावावर सांगितली जाणारी, जन्मावरून ठरणारं ब्राह्मण्य तपासणारी 'वज्रसूची' त्यांनी मराठीत आणली. म्हणजे आत्मचरित्र, स्त्रीचं लेखन, अनुवाद आणि वैचारिक वाद एवढे चार प्रकार एका गाथेत सापडतात.

रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकातली. बहिणाबाईंनी आपलं आयुष्य त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी शब्दांत मांडलं. जस्टिन अॅबट यांनी १९२९ साली त्यांचा इंग्रजी अनुवाद काढला तेव्हा मुखपृष्ठावरच 'आत्मचरित्र' असा उल्लेख केला. सुसी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा संग्रह १९९१ मध्ये आणला, त्यातही त्या आहेत. इंग्रजी वाचकाला त्या आत्मचरित्रकार म्हणून भेटतात. आपल्याकडे त्या हरिपाठ, पोथ्या आणि व्रतकथांच्या शेजारी उभ्या असतात. 'आयदान' किंवा 'जिणं आमुचं' यांसारखी आत्मकथनं वाचून हलून गेलेली कॉलेजातली मुलगी त्या कपाटाकडे फिरकत नाही, आणि सराला बेटाच्या सप्ताहातून गाथा घरी नेणारा वारकरी 'आयदान'कडे येत नाही. दोघांचंही नुकसान होतं.

मराठीत लेखक शोधण्याच्या कलेची आजची स्थिती या एका उदाहरणात दिसते. पुस्तकं भरपूर आहेत, प्रकारही भरपूर आहेत. आटली आहे ती एका प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे जायची वाट. ती वाट आपोआप तयार होत नसते. वाचकाला ओळखणारा आणि पुस्तकंही ओळखणारा माणूस मध्ये लागतो. मराठी वाचनाच्या इतिहासात ही कामगिरी संपादकानं, शिक्षकानं आणि ग्रंथपालानं केली.

संपादकाची गोष्ट आधी. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'चा १९०९ चा दिवाळी अंक पहिला मानतात. तिथून पुढं दिवाळी अंकाची जी घडण झाली, तिच्यात विनोदी कथेला लागून प्रवासवर्णन आणि कवितेला लागून भयकथा येई. वर्गणी काढून अंक फिरवणाऱ्या घरात आजीनं पाककृतींसाठी मागितलेला अंक नातू गूढकथेसाठी पळवायचा, आणि पानं उलटताना दोघांच्या हाती न मागितलेलं काहीतरी लागायचं. अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' अशी तीन वेगळ्या चवींची मासिकं चालवली, तरी लेखकांना एकीकडून दुसरीकडे जायला बंदी नव्हती. आता बरेच अंक एकाच विषयाला वाहिलेले असतात. विशेषांक म्हणून त्यांची गुणवत्ता मोठी असू शकते. पण ज्याला तो विषय आधीच प्रिय आहे तोच ते घेतो, आणि अंकाची जुनी कामगिरी तिथं थांबते.

शिक्षकाच्या बाबतीत वैजापूरचं भाग्य थोर म्हणायला हवं. रा. रं. बोराडे इथल्या विनायकराव पाटील महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मूळचे लातूरकडच्या काटगावचे बोराडे सर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. पण अशा शिक्षकाच्या स्वतःच्या पुस्तकालाही कपाट चुकलं नाही. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ ची. गावातल्या एका शिंप्याच्या संसाराची पडझड ती त्याच्या बायकोच्या, पार्वतीच्या तोंडून सांगते. मराठी समीक्षेनं तिला 'ग्रामीण कादंबरी' म्हटलं आणि ते चूक नाही. पण त्या शिक्क्यामुळं शहरातल्या वाचकानं ती गावाची माहिती म्हणून वाचली आणि गावातल्या तरुणानं 'हे तर आपल्या घरातलंच' म्हणून बाजूला ठेवली. माझ्या मते 'पाचोळा' ही आधी एका हट्टी माणसाची आणि त्याचा हट्ट डोळ्यांदेखत घर खाताना पाहणाऱ्या बाईची कादंबरी आहे. ज्याला नात्यांतल्या ताणाच्या कथा आवडतात, त्याच्या हातात ती जायला हवी. सबंध कादंबरी बायकोच्या बोलीत पेलणं हे निवेदनाचं अवघड काम आहे आणि लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं ते अभ्यासावं असं आहे. 'ग्रामीण' हा शब्द यातलं काहीच सांगत नाही.

कप्प्यांपलीकडचं लेखन ओळखण्यात जिल्ह्याचं शहर संभाजीनगर साठच्या दशकात फार पुढं होतं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयानं लिहिणारी एक पिढी उभी केली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकानं अशा लेखकांना जागा दिली की ज्यांच्यासाठी कुठल्याच वाचनालयात कप्पा नव्हता. 'दलित आत्मकथन' हा कप्पा नंतर झाला, प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'सारखी पुस्तकं आधी आली. भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील आणि त्यांच्या मित्रांचा 'वाचा' या लघुअनियतकालिकाचा उद्योगही याच गावातला. सोयगावच्या पळसखेड्यातून ना. धों. महानोर १९६७ मध्ये 'रानातल्या कविता' घेऊन आले. नवं लेखन ओळखणारे संपादक बसच्या अंतरावर असणं हे त्या काळच्या लेखकाचं मोठं बळ होतं.

ज्यांना 'रंजक' म्हणून वेगळ्या रांगेत उभं केलं, त्या प्रकारांकडे मात्र या जाणत्या मंडळींनीही फारसं पाहिलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी कित्येकांना सलग वाचायची सवय लावली. या वाचकाला पुढं कुठं न्यायचं, याचा विचार साहित्यव्यवहारानं केला नाही. त्याला हिणवलं आणि सोडून दिलं. नारायण धारपांचंही तसंच. २००८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची बरीच पुस्तकं मिळेनाशी झाली होती. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट आला, त्यामागं धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचं लोकांना कळलं आणि नव्या मुलांनी त्यांची पुस्तकं शोधायला घेतली. ती नव्या रूपात वाचकांपर्यंत नेण्यात संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाचा मोठा वाटा आहे, याचा मला जिल्ह्याचा रहिवासी म्हणून अभिमान वाटतो. धारपांपाशी पोचलेला वाचक तिथून हृषीकेश गुप्ते यांच्या 'दंशकाल'कडे सहज जाऊ शकतो. भयाची तीच ओढ, पण घराणं, वासना आणि मोठं होणं यांचा फार खोल तपास. ही वाट कुणीतरी दाखवावी लागते.

जयंत नारळीकरांचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात असावं असं आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली. नाव बाजूला ठेवून परीक्षकांनी कथा वाचली म्हणून तो निकाल खरा ठरला. २०२१ मध्ये ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या मधल्या सत्तेचाळीस वर्षांत विज्ञानकथेला समीक्षेत किती पानं मिळाली, हे पाहिलं की मन खट्टू होतं.

नंदा खरे यांनी तर कपाटांची पंचाईतच करून ठेवली. 'अंताजीची बखर' ऐतिहासिक कादंबरी, 'कहाणी मानवप्राण्याची' विज्ञान, 'उद्या' म्हणजे जवळच्या भविष्यातला महाराष्ट्र, जिथं माणसांवर सतत पाळत आहे आणि बायकांची संख्या रोडावली आहे. 'उद्या'ला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. एकच डोकं या तिन्ही पुस्तकांत काम करतं आहे. माणूस सत्तेपुढं कसा वागतो हा एकच प्रश्न तिन्हीकडे आहे. वाचनालयात मात्र ती तीन भिंतींना लागून असतात. दशांश वर्गीकरणात धर्म दोनशेत, विज्ञान पाचशेत आणि साहित्य आठशेत जातं. पुस्तक जागेवर सापडावं म्हणून ही पद्धत हवीच. वाचकाला पुढचं पुस्तक सुचवायचं काम तिचं नव्हे.

ते काम ग्रंथपालाचं, आणि त्याची अवस्था वाईट आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. अ, ब, क, ड अशा वर्गांत वाटलेली अकरा-बारा हजार ग्रंथालयं अनुदानावर उभी राहिली. भारतात इतकं दाट जाळं फार थोड्या राज्यांत आहे. पण खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाचा कर्मचारी इतक्या तुटपुंज्या मानधनावर काम करतो की त्यानं नवी पुस्तकं वाचून सभासदांना सांगावीत अशी अपेक्षा ठेवणं निर्दयपणाचं आहे. खरेदी बऱ्याच ठिकाणी यादी आणि सवलत पाहून होते. सभासद खिडकीशी येऊन विचारतो, 'असंच दुसरं काही आहे का?' या प्रश्नाचं चांगलं उत्तर द्यायला वाचलेला माणूस लागतो, आणि त्याच्या वाचनाच्या वेळेचे पैसे आपण मोजत नाही.

ही जागा आता मोबाइलनं घेतली आहे. वैजापूरच्या मुलाला पुण्या-मुंबईचं पुस्तक घरपोच मिळतं, ही साधी सोय नाही. आमच्या पिढीला त्यासाठी संभाजीनगरची एसटी धरावी लागे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि त्यानं मराठीला लगेच जागा दिली. शेताला पाणी देताना कादंबरी ऐकता येते हे मला फार मोलाचं वाटतं. तक्रार वेगळी आहे. 'मृत्युंजय' घेतलं की यंत्र आणखी कर्णच समोर आणतं, प्रेरणादायी पुस्तक घेतलं की आणखी दहा प्रेरणादायी. आवडीच्या बाजूचं पुस्तक ते सुचवतं, आवडीच्या पलीकडचं क्वचितच. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ तर लेखकाची कमाईही बुडवतात आणि शंभर पुस्तकांचा ढीग एकदम टाकून वाचकाला काहीच निवडू देत नाहीत.

संभाजीनगरच्या मोहल्ल्यांत मात्र २०२१ पासून मुलांसाठी छोटी वाचनालयं उभी राहिली. वली आणि सिराज या उर्दू कवींच्या या शहरात उर्दू, मराठी, हिंदी पुस्तकं एकाच फळीवर मुलांच्या हाती लागतात. मराठवाड्यातल्या वाचनाबद्दल अलीकडच्या काळात मला सगळ्यात आशा वाटली ती इथं. वेरूळला पुस्तकांचं गाव करायचं सरकारनं ठरवलं, त्याचंही स्वागतच. फक्त तिथं प्रकारवार दालनं करताना दालनांना जोडणारी दारं ठेवावीत.

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयांत आज सगळ्यात जास्त वेळ बसलेली असतात ती स्पर्धा परीक्षेची मुलं. सकाळी डबा घेऊन येतात आणि दिवे मालवेपर्यंत राज्यघटना, भूगोल, चालू घडामोडी घोकतात. कथा-कादंबऱ्यांची कपाटं त्यांच्या पाठीशी असतात आणि ती उघडायला त्यांना कुणी सांगत नाही. राज्यघटना शिकणाऱ्यापुढं 'वज्रसूची' आणि 'आठवणींचे पक्षी' ठेवता येतात. माहिती तंत्रज्ञानाचा धडा चालू असलेल्याला 'उद्या' देता येते. अभ्यासिकेच्या दाराशी एक टेबल, त्यावर दर महिन्याला बदलणारी दहा पुस्तकं, प्रत्येकात ते का वाचावं हे सांगणारी चार ओळींची हातानं लिहिलेली चिठ्ठी, आणि या चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला अनुदानातून वेगळं मानधन, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. चिठ्ठ्या लिहायला कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक, निवृत्त शिक्षक आणि अभ्यासिकेतलीच वाचणारी दोन-तीन मुलं पुरेशी आहेत.