विदूषक बोलतो कोणाशी?

दिवाळी सरते, धान निघतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मंडई, शंकरपट सुरू होतात. मंडई आली की रात्री नाटक आलंच. वडशाहून कंपनीची गाडी येते, मंडप लागतो आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही. तो नुसता बघतही नाही. खलनायकाला शिव्या घालतो, भोळ्या सुनेला ओरडून सावध करतो, विनोदी नटाच्या वाक्याला मागून आपलं वाक्य जोडतो. अशा मंडपात वाढलेल्या माणसाने जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हाती घेतलं, की दोनचार पानांतच तो अडतो. हा विदूषक बोलतो कोणाशी?

नाटक 1855 सालचं. वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं 1861 मध्ये, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. तिथे भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही आणि नाटक नापसंत झालं, असं त्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलं आहे. 1890 मध्ये जोतीराव गेले. संहिता छापून आली ती 1979 साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. 124 वर्षं हा विदूषक रिकाम्या मंडपात बोलत होता.

गोष्ट साधी आहे. एका कुणब्याची बायको पोटुशी आहे. दारात जोशी येतो, तिची अवस्था पाहतो आणि तेवढ्या भांडवलावर भविष्य उभं करतो. ग्रह वाईट आहेत, पोटातल्या जिवाला धोका आहे. उपाय अर्थातच त्याच्याकडे आहे. मग अनुष्ठान, मग ब्राह्मणभोजन, मग कर्ज. हे सगळं फुले सावकाश घडू देतात, आणि नाटककार म्हणून त्यांची पकड मला इथेच सर्वांत जास्त जाणवते. जोशी एकदम लुटत नाही. तो आधी भीती पेरतो, थोडा थांबतो, बाईने स्वतःहून विचारावं याची वाट पाहतो. बाईला मूर्ख ठरवण्याचा सोपा रस्ताही फुले घेत नाहीत. तिची भीती खरी आहे, कारण पोटातलं मूल खरं आहे. नवरा आधी कां-कू करतो, पण त्या मुलापुढे त्याचाही इलाज चालत नाही. माणूस भोळेपणामुळे नव्हे तर मायेमुळे फसतो, हे ज्याला दिसलं तो निव्वळ प्रचारक नव्हता.

या सगळ्याच्या मधोमध विदूषक उभा. नाटकात अंक-प्रवेशांची नेहमीची मांडणी नाही. एक घटना दुसरीला जोडायचं काम तोच करतो. जोशी बोलून जातो तोच हा त्या बोलण्याची शिवण उसवून दाखवतो. पात्रांना त्याचं ऐकू जात नाही. म्हणजे त्याचा प्रत्येक शब्द समोर बसलेल्यांसाठी आहे, आणि ज्या जागा लेखकाने समोरच्यांच्या हुंकारासाठी मोकळ्या सोडल्या, त्या कागदावर तशाच मोकळ्या दिसतात. प्रयोग न झालेली संहिता कशी वाचावी, हे मी या मोकळ्या जागांवरून शिकलो. झाडीपट्टीत ती जागा कोण भरेल, हे मला वाचताना ऐकू येतं.

पाद्री आल्यावर मात्र नाटक ढिलं पडतं. वाद लांबतो, कुणबी नुसता ऐकत राहतो आणि रंगमंचाची जागा व्याख्यानाला मिळते. वडशाचा कोणताही जाणता दिग्दर्शक इथे पेन्सिल चालवील, आणि चालवावी. पण शेवट पाहा. फसलेले दोघे नवरा-बायको जोशाला मारायला जात नाहीत, ते रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात, जोतीराव-सावित्रीबाईंच्याच शाळेत. लेखक स्वतःच्या घराचा पत्ता नाटकाच्या शेवटी लिहितो! तिसरं रत्न, तिसरा डोळा, तो हा, शिक्षणाचा.

आपल्याकडे उलटा प्रकार आहे. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं ‘आत्महत्या’ असो किंवा आणखी कोणाचं नाटक, इथे प्रयोग होतात, गर्दी लोटते. पण संहिता बहुधा प्रॉम्प्टरच्या वहीतच राहते. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचा नट देशाला कळला. झाडीपट्टीचा लेखक अजून कळायचा आहे. ‘झॉलीवूड’ने 2022 मध्ये हे जग पडद्यावर नेलं. आता या मातीतला कोणी झाडीबोलीत पटकथा लिहून निर्मात्याची वाट पाहत बसला असेल, तर त्याची वही आधी आपण मागून घ्यावी, मोठ्याने वाचावी, कुठे ढिली पडते आणि कुठे अंगावर येते ते त्याला सांगावं. कमिटीने नाकारलेलं नाटकसुद्धा वाचणारा मिळाल्यावरच परत आलं.

आणि येत्या हंगामात एखाद्या मंडळाने अर्धी रात्र ‘तृतीय रत्न’ला द्यावी. पाद्रीचा भाग कापून, कुणब्याला झाडीबोली देऊन. जोशी दक्षिणा बांधून निघेल, विदूषक पुढे येऊन विचारील, आणि तणसावर बसलेली एखादी म्हातारी त्याला मागून उत्तर देईल.