वीररसाभास आणि उत्साहाचा आश्रय : ‘मालेगाव का सुपरमॅन’

१

महानायककथा हा विसाव्या शतकातील लोकप्रिय संस्कृतीने घडविलेला एक स्वतंत्र कथनप्रकार होय. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ मध्ये अमेरिकी चित्रकथेच्या पानांवर प्रथम अवतरला आणि तेव्हापासून चित्रकथा, चित्रपट, दूरचित्रवाणी व व्हिडिओ गेम अशी माध्यमांतरे करीत हा प्रकार जगभर पसरला. अतिमानवी सामर्थ्य, दुष्टशक्तीशी द्वंद्व आणि अखेरीस लोकरक्षण हे त्याचे मूळ कथासूत्र आहे. एकाकी नायकाच्या जागी पुढे नायकांचा संघ आला, तेव्हा या सूत्रात एक महत्त्वाचा बदल घडला. सहकाऱ्यांच्या परस्पर टोमण्यांतून निर्माण होणारा विनोद हा पूर्वी तोंडी लावण्यापुरता असे; तो आता रचनेचाच घटक बनला.

कॅनडातील आयडॉस-माँट्रिअल या संस्थेने २०२१ मध्ये निर्माण केलेला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ हा व्हिडिओ गेम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट कथनाचा पुरस्कार त्याला मिळाला. खेळणाऱ्याच्या ताब्यात येथे पीटर क्विल हा एकच नायक असतो. गमोरा, ड्रॅक्स, रॉकेट व ग्रूट हे चौघे त्याच्या सांगण्यावरून लढतात आणि लढता लढता एकमेकांची अखंड थट्टा करतात. तमाशातील बतावणीची आठवण व्हावी असे हे संभाषण आहे. लढाईच्या मध्येच क्विल सर्वांना जवळ बोलावतो, त्यांची मनःस्थिती ऐकून घेतो आणि त्यांना उभारी देणारे शब्द निवडतो. शब्द योग्य असतील तर साऱ्यांचेच बळ वाढते. चुकले तर ते एकट्या क्विलपुरते राहते. वीररसाचा स्थायिभाव जो उत्साह, तो येथे खेळाच्या नियमांतच बसविलेला आहे. संघ, विनोद आणि द्वंद्व ही तिन्ही सूत्रे संहितेच्या आत एकत्र बांधली गेली आहेत.

अशा बांधणीमागे मोठे भांडवल व प्रगत तंत्र उभे असते. ज्या ठिकाणी ही दोन्ही उपलब्ध नाहीत, तेथे महानायककथेचे काय होते? खानदेशाच्या उंबरठ्यावरील मालेगावात निर्माण झालेला ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट या प्रश्नाचे एक उत्तर देतो. त्या उत्तराची रससिद्धान्ताच्या आधारे चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

मालेगाव हे प्रशासकीयदृष्ट्या नाशिक जिल्ह्यातले, यंत्रमागांवर जगणारे शहर. मोसम नदी त्याच्या मधून वाहते आणि शहराची धार्मिक विभागणीही बऱ्याच अंशी तिच्या दोन काठांवर झालेली आहे. २००६ व २००८ मधील बॉम्बस्फोटांमुळे या शहराचे नाव देशभर झाले ते एका विशिष्ट अर्थाने. त्याच शहरात शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालविताना चित्रपटांच्या ध्वनिचित्रफिती कापता-जोडता संकलनाची विद्या आत्मसात केली, आणि ‘मालेगाव के शोले’पासून विडंबनपटांची एक परंपरा उभी राहिली. यंत्रमागांवर राबणारे कामगार आणि छोटे व्यावसायिक हेच तिचे नट, लेखक, तंत्रज्ञ आणि प्रेक्षक.

या परंपरेचा विचार करताना एक पथ्य पाळणे आवश्यक ठरते. ‘सुपरमॅन’संबंधी आज तीन संहिता उपलब्ध आहेत. पहिली, खुद्द नासिर यांचा चित्रपट. दुसरी, त्याच्या निर्मितीप्रक्रियेवरील फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ मधील माहितीपट. तिसरी, नासिर व त्यांच्या मित्रांच्या जीवनावर रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला आणि वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट. तो २०२४ मध्ये टोरोंटो महोत्सवात दाखविला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. मालेगावबाहेरील अभ्यासकाला बहुधा दुसरी व तिसरी संहिता परिचित असते आणि तिच्यावरून तो पहिलीविषयी मत बनवितो. परिणामी मूळ कृती ही कृती म्हणून वाचली जात नाही. ती जिद्दीचा किंवा दारिद्र्याचा दाखला बनून राहते. समीक्षेच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे, कारण दाखल्याला अर्थ असतो, पण रूप नसते.

३

विडंबन म्हणजे मूळ कृतीच्या शैलीचे अनुकरण करून तिचे वैगुण्य उघडे पाडणे, अशी एक समजूत मराठीत रूढ आहे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाने ती दृढ केली. तेथे विडंबनकार मूळ कवींच्या बरोबरीचा, त्यांच्याच भाषेचा व शिक्षणाचा असतो आणि त्याचे लक्ष्य निश्चित असते. मालेगावच्या सुपरमॅनला ही व्याख्या लागू पडत नाही. हॉलिवूडच्या सुपरमॅनमधील कोणतेही वैगुण्य दाखवावे, असा हेतू येथे दिसत नाही. उलट मूळ नायकाविषयी निर्व्याज प्रेमच आढळते. मग हास्य कोठून निर्माण होते?

भरताने शृंगार, रौद्र, वीर व बीभत्स हे चार रस मूलभूत मानले आणि त्यांपासून अनुक्रमे हास्य, करुण, अद्भुत व भयानक यांची उत्पत्ती सांगितली. हास्याला त्याने शृंगाराच्या अनुकृतीशी जोडले असले, तरी अभिनवगुप्ताने हा विचार विस्तारला आणि कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, हे स्पष्ट केले. या चौकटीत पाहता महानायककथा ही भरताच्या क्रमाला धरून चालणारी आहे. नायकाच्या पराक्रमातून विस्मय उपजतो, म्हणजे वीरातून अद्भुत निष्पन्न होतो. सुपरमॅनचे उड्डाण हा या संक्रमणाचा परमोच्च क्षण. तंत्रज्ञानाचे सारे सामर्थ्य त्या एका क्षणाच्या प्रतीतीसाठी वेचलेले असते.

मालेगावात नेमका हाच क्षण अडतो. हिरव्या कापडाच्या पार्श्वभूमीवर आडवा धरलेला सुपरमॅन उडतो खरा, पण त्याला उडविण्यासाठी झालेला खटाटोप प्रेक्षकापासून लपत नाही. शफीक शेख हा यंत्रमाग कामगार ही भूमिका करतो. त्याची देहयष्टी काटकुळी आहे. त्याच्या चड्डीची नाडी लोंबते आहे. आणि हवेतील धूळ व धूर यांमुळे या महानायकाला चक्क दमा जडला आहे. विकृत वेष आणि देहवैगुण्य हे हास्याचे विभाव भरताने सांगितलेलेच आहेत. येथे ते ज्या आलंबनावर आरोपित झाले, ते मात्र वीराचे आहे. अद्भुताकडे निघालेला वीर वाटेत हास्याकडे वळतो. हाच वीररसाभास होय.

तथापि दम्याचा तपशील केवळ हास्याचा विभाव म्हणून सोडून देता येत नाही. परग्रहावरून आलेला, गोळ्यांनाही न जुमानणारा देह मालेगावच्या हवेत येताच धापा टाकू लागतो, ही कल्पना विनोदी आहे. त्याचबरोबर ती या शहरातील श्वसनाविषयीचे एक विधानही आहे. हाच न्याय प्रतिनायकालाही लागू पडतो. अक्रम खान यांनी साकारलेल्या खलपुरुषाला जग जिंकायचे नाही. त्याला घाण प्रिय आहे आणि ती सर्वत्र पसरावी, ही त्याची मनीषा आहे. बीभत्साचे आलंबन असलेली घाण भरताच्या क्रमानुसार भयानकाकडे जावयास हवी. येथे तीही हास्यात विलीन होते. कारण ही घाण कोणा दैत्याने आणलेली नाही, ती रोजच्या गल्लीतली आहे आणि प्रेक्षक तिच्यातूनच वाट काढीत चित्रपट पाहावयास आला आहे.

यामुळे द्वंद्वाचे स्वरूपच पालटते. महानायककथेत शत्रू एका देहात सामावलेला असतो, म्हणून तो ठोशाने पराभूत होऊ शकतो. शत्रू जर गटार, धूर आणि थुंकी यांच्या रूपाने सर्वत्र पसरलेला असेल, तर महाबलही निरुपयोगी ठरते. तमाशाच्या वगात राजा आणि सोंगाड्या ही दोन वेगळी पात्रे असतात; राजाने प्रतिज्ञा करावी आणि सोंगाड्याने तिची टर उडवावी, असा तेथला रिवाज. मालेगावच्या सुपरमॅनमध्ये राजा आणि सोंगाड्या एकाच देहात वस्तीला आले आहेत. तो लढतो आणि लढण्याच्या अशक्यतेवर हसवितोही. या दुहेरी प्रकृतीमुळे त्याला निव्वळ विदूषक म्हणता येत नाही आणि निव्वळ नायकही म्हणता येत नाही.

४

हास्याचे भरताने आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकार केले आहेत. स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्याला हसविणे हे परस्थ. या संज्ञांचा अर्थ किंचित विस्तारला, तर मालेगावच्या चित्रपटाच्या ग्रहणातील एक महत्त्वाचा भेद त्यांच्या साहाय्याने मांडता येतो. मालेगावच्या व्हिडिओगृहातील प्रेक्षक शफीकला ओळखतो, त्या गल्लीला ओळखतो, दमाही ओळखतो. त्याचे हास्य आत्मस्थ आहे. तो स्वतःच्याच स्थितीला हसतो आणि त्या हसण्यातून क्षणभर का होईना, तिच्याहून मोठा होतो. महानगरातील महोत्सवाचा प्रेक्षक माहितीपटात बैलगाडीची केलेली क्रेन पाहतो, कॅमेरा पाण्यात पडलेला पाहतो आणि हसतो. त्याच्या हास्याचा विषय दुसराच कोणी असतो. हे हास्य दुष्ट नसते, बहुधा कौतुकाचेच असते. पण कौतुकातही उंचीचा फरक गृहीत धरलेला असतो.

माहितीपटाच्या बाजूने हे नोंदविले पाहिजे की फैजा खान यांना या धोक्याचे भान आहे. लेखक फरोग जाफरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या आकांक्षा, ऐन चित्रीकरणात पार पडणारे शफीकचे लग्न, मागाच्या खडखडाटात निघून जाणारे दिवस हे सारे माहितीपटात येते आणि प्रेक्षकाचे हसू मधूनमधून थांबते. २०१२ मध्ये हा माहितीपट भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला, तेव्हा शफीक हयात नव्हते. कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. घाणीशी झुंजणारा, धाप लागणारा तो नायक आज पाहताना हास्याखालून करुण वर येतो. हा करुण चित्रपटाने योजिलेला नव्हे, काळाने त्यात घातलेला आहे. समीक्षेने त्याचा आदर करावा. मात्र त्याच्या भरात मूळ कृतीतील हास्याला शोकाचे निमित्त बनवू नये. शफीक यांनी जे साकारले ते हसविण्यासाठी साकारले होते.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वीराचा आभास झाला म्हणजे वीर नाहीसा झाला काय? रसप्रक्रियेत स्थायिभावाला आश्रय लागतो. उत्साह कोणाच्या तरी ठायी वसावा लागतो. नेहमीच्या महानायककथेत तो नायकाच्या ठायी असतो. वर निर्देशिलेल्या व्हिडिओ गेममध्ये तो नायकसंघात वाटलेला आहे. मालेगावच्या चित्रपटात पडद्यावरील नायकाच्या ठायी तो टिकत नाही, दम्याने तो पुरता खचलेला आहे. पण पडद्यामागच्या संघात तो पूर्णत्वाने उपस्थित आहे. सायकल, बैलगाडी, हिरवे कापड आणि उसना वेळ यांच्या बळावर माणूस उडवून दाखविण्याचा उद्योग हाच येथला पराक्रम. उत्साहाचा आश्रय पात्राकडून निर्मात्यांकडे सरकतो आणि त्याच्या खुणा मात्र संहितेत राहतात. लोंबणारी नाडी ही अशीच एक खूण. ती दिसते म्हणून हसू येते, आणि ती दिसत असूनही उड्डाण पार पडते म्हणून विस्मय वाटतो. वाटेत हरवलेले अद्भुत अशा रीतीने निर्मितीच्या पातळीवर परत येते.

उपलब्ध साधनांतून भव्य रूप उभारण्याचा एक प्रसंग खानदेशाच्या इतिहासात सुपरिचित आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे भरले, तेव्हा नंदलाल बोस यांच्या कलादृष्टीतून बांबूसारख्या परिसरातील साध्या सामग्रीने अधिवेशननगर सजविण्यात आले. तेथील साधेपणा ही गांधीविचाराने केलेली निवड होती. मालेगावातील साधेपणा ही परिस्थितीने लादलेली अट आहे. हा भेद पुसून टाकणे म्हणजे अभावाचे उदात्तीकरण करणे होय. नासिर व त्यांचे सहकारी यांना उत्तम कॅमेरा मिळाला असता, तर तो त्यांनी आनंदाने वापरला असता. त्यांच्या कलेची थोरवी अभावात नाही. अभावाचे रूपतत्त्वात परिवर्तन करण्यात आहे.

या संघाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. मालेगावच्या चित्रपटांतील स्त्रीभूमिकांसाठी नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. उत्साहाचा आश्रय झालेला हा समूह पुरुषांचा आहे, आणि ‘सुपरबॉइज’ या शीर्षकाने ते नकळत मान्यही केले आहे. घाणीने ग्रासलेल्या शहरातील स्त्रियांनाही धाप लागतच असेल. पण या आत्मस्थ हास्यात त्यांचा वाटा किती, या प्रश्नाला तिन्ही संहितांत पुरेसे उत्तर मिळत नाही. स्वतःच्या स्थितीवर जाहीरपणे हसण्याचा अधिकारही समाजात समान वाटलेला नसतो.

तरीही ‘मालेगाव का सुपरमॅन’ने महानायककथेच्या मीमांसेत घातलेली भर लहान नाही. महानायक दुर्बल झाला, तर ती कथा कोसळेल, असा सर्वसाधारण समज आहे. येथे तो दुर्बल होतो, धापा टाकतो, हास्यास्पद होतो, आणि तरीही कथा चालत राहते. कारण तिला उचलून धरणारे हात चौकटीच्या बाहेर असतात. वीररसाचा विचार पात्राच्या देहापाशी थांबविणाऱ्या समीक्षेला हे हात दिसत नाहीत. ते दिसू लागले, म्हणजे मागावर राबणाऱ्या एका शहराने रसचर्चेपुढे ठेवलेला प्रश्नही दिसू लागेल.