अश्वास्थींचा पुरावा : एक चिकित्सा

विदर्भातील माहुरझरी (जि. नागपूर) येथील महापाषाणीय शिळावर्तुळांत घोड्यांचे अवशेष ताम्रालंकारांसह आढळले. तेथे पुरातत्त्वीय संदर्भच ओळख पटवितो. कच्छमधील हडप्पाकालीन सुरकोटडा येथे तसे नाही. तेथील काही हाडे सांदोर बोकोन्यी यांनी पाळीव घोड्याची ठरविली. १९९७ मध्ये रिचर्ड मेडो व अजिता पटेल यांनी त्यावर आक्षेप घेतला. कच्छात रानगाढव आजही आढळते, हे येथे महत्त्वाचे. दोन्ही पक्षांची भिस्त मात्र दात व हाडांच्या आकारमानावरच आहे.

या पद्धतीची मर्यादा २०१७ मध्ये प्रकर्षाने दिसली. उत्तर अमेरिकेतील सडपातळ पायांचे नामशेष अश्व काही अभ्यासक आशियाई रानगाढवांचे आप्त मानीत. प्राचीन डीएनएने त्यांचा वंश स्वतंत्र ठरविला. उष्ण प्रदेशात डीएनए क्वचितच टिकतो, हे खरे. तथापि डीएनए-परीक्षण व प्रत्यक्ष हाडाचे कालमापन यांच्या अभावी केवळ आकारावरून काढलेला निष्कर्ष अंतिम मानणे शास्त्रीय दृष्ट्या उचित नाही.