माप कुणाचं घ्यायचं?

आमच्या गल्लीतला शिंपी गेली तीस वर्षं माझं माप घेतोय. कमरेपाशी आला की टेप जरा सैल सोडतो, चष्म्यावरून माझ्याकडे बघतो आणि मुकाट्यानं वहीत आकडा लिहितो. "पँट तयार आहे साहेब, आता माणूस बदलून आणा," असं तो आजवर एकदाही म्हणालेला नाही.

हे म्हणणारी माणसं मला गेल्या महिन्यात भेटली. भाचीला मॉडेल व्हायचंय. उंची पाच फूट आठ इंच. आमच्या घराण्यात एवढी उंची फक्त गोदरेजच्या कपाटाला. मुंबईतल्या एका संस्थेत निवड होती, मी सोबतीला. तिथल्या बाईंनी टेप काढली तेव्हा मला वाटलं, आता पोरीला कपडे बेतणार. छे! कपडे आधीच शिवून टांगलेले! या धंद्यात शोसाठी नमुन्याचे कपडे एकाच बारीक मापाचे शिवतात आणि मग त्यात मावतील अशा मुली धुंडाळतात. भाची दोन इंचांनी उरली. शिवाय "रंग जरा डार्क". दोन इंच उसवता येतात हो, पण तिथे कात्री कापडाला लावत नाहीत, पोटाला लावतात.

हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. २००६ साली माद्रिदच्या फॅशन शोत उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक १८ च्या खाली असलेल्या मुलींना बंदी घालावी लागली. मी कागदावर हिशेब केला : पावणेसहा फुटी मुलीला निदान पंचावन्न किलो. तेवढंही नसायचं! फ्रान्सनं तर २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट सक्तीचं केलं. पोरगी जेवते की नाही, हे आईनं नव्हे, सरकारनं बघायचं.

आणि रंग? २०२० साली 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. पाटी बदलली. गिऱ्हाईक तेच.

परतताना लोकलमध्ये मी त्या बाईंचा यथेच्छ उद्धार केला. भाची खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मामा, वधूवर मंडळाच्या फॉर्मवर माझा रंग कोणी लिहिला?"

मीच लिहिला होता. 'निमगोरी'.

"त्या बाईंनी निदान खरं सांगितलं," ती म्हणाली.

दादरला उतरून मी दोन वडापाव घेतले. तिनं तिचा अर्धाच खाल्ला.