जमाखर्चाचें वाङ्मय

दरवर्षीं अर्थसंकल्प सादर झाला कीं कोणती वस्तु स्वस्त झाली, कोणता कर वाढला, एवढें वर्तमानपत्रांत पाहून आपण तो विषय मिटवतों. अर्थमंत्र्यांचें भाषण सर्वजण ऐकतात. पण भाषणाबरोबर जे जाडजूड ग्रंथ विधिमंडळापुढें ठेवले जातात, ते वाचनीय आहेत कीं नाहींत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सामान्य कादंबरीससुद्धां टीकाकार मिळतो. मग जनतेच्या पैशाविषयीं जनतेच्याच खर्चानें छापलेल्या ग्रंथांस तो कां मिळूं नये?

प्रथम गुण सांगितला पाहिजे. या ग्रंथांची रचना वरवर दिसते तितकी विस्कळीत नाहीं. प्रत्येक विषयास चार आंकडी लेखाशीर्ष असतें. वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य या विषयाची जमा ०२१० खालीं, चालू खर्च २२१० खालीं, इमारती वगैरे भांडवली खर्च ४२१० खालीं आणि दिलेलीं कर्जें ६२१० खालीं. पहिल्या आंकड्यावरूनच पैसा आला, खर्चला, गुंतवला कीं उसना दिला, हें समजतें. केंद्रांत व सर्व राज्यांत योजना एकच. युक्ति मोठी सुबक आहे. परंतु ही किल्ली ज्यास अगोदर ठाऊक, त्यासच ग्रंथाचें दार उघडतें. इतरांनीं नुसत्या आंकड्यांच्या रांगा पाहाव्या!

दोष याहून गंभीर आहेत. मुख्य शीर्षाच्या पोटांत ‘८००’ या क्रमांकाचें एक गौण शीर्ष असतें : ‘इतर खर्च’. जमेच्या बाजूस त्याचाच भाऊ ‘इतर जमा’. या शीर्षाखालीं मोठमोठ्या रकमा टाकल्या जातात, म्हणून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं आपल्या अहवालांतून वारंवार हरकत घेतली आहे. घरच्या वहींत ‘किरकोळ’ म्हणून चार आणे लिहिले तर कोणी बोलत नाहीं. पण निम्मा पगार ‘किरकोळां’त गेला, तर घरची वडीलधारी बाई वही मिटूं देणार नाहीं. तिचा प्रश्न हेंच हिशेबाचें खरें परीक्षण.

दुसरा दोष रकान्यांचा. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पांत २०२२-२३ चा प्रत्यक्ष खर्च, २०२३-२४ चा मूळ अंदाज व सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असे चार रकाने आहेत. म्हणजे तीन अंदाज व एक वस्तुस्थिति. आतां २०२२-२३ मध्यें सरकारनें काय कबूल केलें होतें, तें पाहावयाचें, तर दोन वर्षांपूर्वींचा ग्रंथ काढावा लागतो. वचन एका पुस्तकांत, पालन दुसऱ्यांत! विनियोजन लेख्यांत मंजुरी व खर्च शेजारी शेजारी येतात हें खरें. पण ते वर्ष संपल्यावर बऱ्याच काळानें येतात, आणि तोंपर्यंत लोकांचें लक्ष दुसऱ्या अर्थसंकल्पाकडे लागलेलें असतें.

असले रुक्ष ग्रंथ वाचून उपयोग काय, असें कोणी म्हणेल. त्यास १९०२ सालची आठवण द्यावी. मध्यवर्ती कायदेमंडळांत नामदार गोखले यांनीं सरकारचीच शिल्लक हातीं घेऊन दाखविलें कीं, ती रयतेच्या सुबत्तेची खूण नसून गरजेहून अधिक कर वसूल होत असल्याची खूण आहे. या कामीं गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आंकड्यांत मुरलेल्या गृहस्थांचें त्यांस साहाय्य असे. पुढील सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो केवळ भाषणाचा प्रताप होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण आंकडे वाचणारा मनुष्य सभागृहांत होता, हें कांहीं थोडें नव्हे.

गोखल्यांपुढील सरकार परकी होतें. त्यानें रयतेस समजेल असें लिहावें, ही अपेक्षाच व्यर्थ होती. आज ते ग्रंथ आपल्याच प्रतिनिधींच्या मंजुरीसाठीं लिहिले जातात. ‘रुपया येतो कोठून व जातो कोठें’ हें दाखविणारें वर्तुळाकार चित्र आतां संक्षिप्त पुस्तिकेंत छापतात. चित्र सुरेख असतें. तथापि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्याशेजारीं त्याच वर्षाचा मूळ अंदाज छापला असता, तर आम्ही तें चित्र आनंदानें सोडून दिलें असतें.