धावफलकावर नसलेले शून्य

1955 च्या नोव्हेंबरात हैदराबादच्या फत्तेमैदानावर भारत-न्यूझीलंड पहिली कसोटी झाली. भारताने 4 बाद 498 वर डाव घोषित केला : पॉली उम्रीगर 223, विजय मांजरेकर 118, पदार्पण करणारे कृपालसिंग नाबाद 100. न्यूझीलंडच्या 326 मध्ये सुभाष गुप्ते यांनी 128 धावांत 7 बळी घेतले. सामना अनिर्णित राहिला. उम्रीगर यांचे 223 हे कसोटीतले भारतीयाचे पहिले द्विशतक, आणि उम्रीगर जन्माने सोलापूरचे. सोलापूरकरांना त्याचा अभिमान वाटावा, हे रास्तच.

कर्णधार गुलाम अहमद, द्विशतकवीर पारशी, पदार्पणात शतक करणारा शीख. असा फलक पुढे ठेवून आपले क्रीडासमीक्षक सांगतात की खेळाला जात नसते, आकडा पक्षपात करीत नाही. धर्मापुरते हे मान्य करू. पण जातीचे काय? आकडा पक्षपात करीत नसेल. आकड्यापर्यंत पोहोचू देणारी व्यवस्था करते. म्हणून धावफलकही एखाद्या ग्रंथासारखा वाचला पाहिजे : त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहूच दिलेले नाही, हे दोन्ही.

त्याच 1955 च्या 1 जूनला अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा अमलात आला. जुलैत मुंबईत पालवणकर बाळू वारले. चांभार कुटुंबातल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले होते. पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांबरोबर ते मैदानावर खेळत. चहा मात्र त्यांना वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. भारताची पहिली कसोटी झाली 1932 मध्ये. त्यामुळे कसोटीच्या कोष्टकात बाळूंच्या नावापुढे काहीच नाही, कारण तिथे त्यांचे नावच नाही. काळाचा हा योगायोग एकवेळ सोडून देऊ. पण ज्या हिंदू संघासाठी ते वर्षानुवर्षे राबले, त्याचे कर्णधारपदही त्यांना कधी मिळाले नाही. 1920 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांना डावलण्याचा निषेध म्हणून संघाबाहेर पडावे लागले, तेव्हा कुठे 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. गुणवत्ता आकड्यांत सिद्ध झाल्यावरही हे घडते, हे गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बाळू 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो राजकीय मतभेद आपण विसरत नाही. त्याने 114 मधला एक बळीही कमी होत नाही.

आता सोलापूरकडे वळू. उम्रीगर 1926 मध्ये जन्मले, तेव्हा याच शहरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. त्या सेटलमेंटमध्ये जन्मलेल्या मुलांचीही मोजदाद होत होती, पण हजेरीपटावर. एका रकान्यात धावा, दुसऱ्यात हजेरी, दोन्ही आकडेच. एक माणसाला मोठा करतो, दुसरा त्याला जखडतो. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडले. कुंपणाआड किती गोलंदाज होते, हे कोणता फलक सांगेल?

पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडालेल्याचेही नाव फलकावर राहते, त्याच्यापुढे शून्य लिहिले जाते. ज्याच्या हाती बॅटच आली नाही, त्याच्या वाट्याला ते शून्यसुद्धा येत नाही. सरासरी काढताना तो भाजकातही नसतो. आणि पुढे आरक्षणाचा प्रश्न निघाला की याच सरासरीचा दाखला देऊन त्याला विचारले जाते, तुझ्या धावा किती?

उम्रीगरांचे 223 आम्हाला पुसायचे नाहीत. ते घामाने मिळवलेले आहेत. आमचे म्हणणे इतकेच की नुसता आकडा हा गुणवत्तेचा मानदंड होऊ शकत नाही. धावा मोजणाऱ्यांनी संधीही मोजली पाहिजे. तो रकाना जोपर्यंत आखला जात नाही, तोपर्यंत प्रत्येक फलक अपुरा आहे, मग तो मैदानावरचा असो, परीक्षेतला असो की वाङ्मयेतिहासातला.